मोलकरणीच्या मुलाचा पियानो

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेतील काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील भल्या लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून जोतीरावांनी सातासमुद्रापलीकडच्या गुलामांशी आपल्या शूद्रातिशूद्रांचे नाते जोडले. चळवळीतल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक आहे. परंतु ज्यांच्या मुक्तीची आठवण जोतीरावांनी ग्रंथाच्या पहिल्या पानावर ठेवली, त्या माणसांच्या घरात त्या वर्षी काय चालले होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. गुलामगिरी कायद्याने संपली, पण पुढे काय? पोटाचे काय, पोरांचे काय, त्यांच्या अंगातल्या गुणांचे काय?

ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा अमेरिकेच्या टेक्सास राज्यात एका मुक्त गुलामाच्या झोपडीत पाच-सहा वर्षांचा एक मुलगा वाढत होता. त्याचे नाव स्कॉट जॉप्लिन. पुढे जगाने त्याला ‘रॅगटाइम’ या संगीतप्रकाराचा राजा म्हटले. आज त्याच्याविषयी लिहायचे ते त्याला मिळालेल्या या पदवीसाठी नाही. हा मुलगा संगीतकार कसा झाला, त्यासाठी कोणी काय सोसले आणि घरात कोणता वाद झाला, हे आपल्या वस्तीतल्या आईबापांनी समजून घ्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

टेक्सासमधील गुलामांना मुक्ती मिळाली १८६५ च्या जूनमध्ये. स्कॉटचा जन्म त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी झाला. बाप जाइल्स जॉप्लिन स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला. आई फ्लॉरेन्स केंटकीची, जन्माने मुक्त. सहा लेकरांचे कुटुंब. काही वर्षांनी हे कुटुंब टेक्सास आणि आर्कान्सा या दोन राज्यांच्या सीमेवर नव्याने वसलेल्या टेक्सार्काना या रेल्वेच्या गावात आले. बाप रेल्वेवर मजुरी करू लागला. आई गोऱ्यांच्या घरी साफसफाईची कामे करू लागली. कोकण किंवा मराठवाडा सोडून मुंबईच्या गोदीत, गिरणीत आणि रेल्वेत आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांची हीच कहाणी आहे. गाव सुटले, रूळ सापडले आणि घरच्या बाईच्या हातात दुसऱ्याच्या घरचा केरसुणी-पोतेरा आला.

या घरात संगीत मात्र होते. बाप व्हायोलिन वाजवायचा, आई गायची आणि बँजो वाजवायची. घरातली सगळीच भावंडे कानाने तयार होत होती. पण कान तयार होणे वेगळे आणि विद्या मिळणे वेगळे. आपल्याकडेही हलगीवर बोटे नाचवणारी, ढोलकीवर थाप टाकणारी, सनईत श्वास भरणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या झाली. त्यांच्या बोटात कला होती आणि कपाळावर जात होती. त्यांच्या कलेला विद्या म्हणायला ही व्यवस्था तयार नव्हती. लग्न पाटलाचे, जत्रा देवाची आणि वाजवणारा मात्र मांडवाच्या बाहेर! अमेरिकेतही चित्र फार निराळे नव्हते. मालकाच्या मेजवानीत गुलामाने व्हायोलिन वाजवायचे, गोऱ्यांनी नाचायचे. जाइल्सने गुलामीच्या दिवसांत अशाच मेजवान्यांत व्हायोलिन वाजवले होते.

येथे फ्लॉरेन्स या आईचे मोठेपण सुरू होते. ती ज्या घरी कामाला जाई तेथे पियानो होता. स्कॉटला ती सोबत नेई. आई फरशी पुसायची आणि मुलगा घरमालकाच्या परवानगीने पियानोवर बोटे चालवून बघायचा. वाचकहो, हे दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्याच्या घरातले दुसऱ्याचे वाद्य. आईचे काम संपले की वाजवणेही संपणार. म्हणजे त्या मुलाच्या सरावाचा वेळ आईच्या घामाने मोजला जात होता. आपल्या किती मायबहिणी आजही लेकराला सोबत घेऊन धुण्याभांड्याला जातात! ते लेकरू त्या घरातल्या कोपऱ्यात बसून काय पाहते, काय ऐकते आणि त्याची बोटे कशासाठी वळवळतात, याकडे कोणाचे लक्ष असते?

फ्लॉरेन्सचे लक्ष होते. मुलाला नुसते आवडते एवढ्यावर ती थांबली नाही. त्याला शिकवणारा कोणी पाहिजे, हे तिने ओळखले. गावात दोन-तीन शिक्षकांकडून त्याला थोडेफार मिळाले. त्यानंतर ज्युलियस वाइस हा माणूस त्याच्या आयुष्यात आला. वाइस जर्मनीतून आलेला ज्यू. गावातल्या एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाच्या मुलांना शिकवण्यासाठी ठेवलेला शिक्षक. युरोपात ज्यूंनी काय भोगले, हे सांगायला नको. अकरा वर्षांच्या या काळ्या मुलातला गुण त्याने हेरला आणि त्याच्याकडून एक पैसा न घेता साधारण पाच वर्षे त्याला शिकवले. सुरांची लिपी, स्वरमेळाचे नियम, युरोपातल्या मोठ्या संगीतकारांच्या रचना, ऑपेरा म्हणजे सबंध नाटक गाऊन सांगण्याची कला, हे सारे त्याने मुलापुढे मांडले. संगीत हे करमणुकीपुरते नाही, ती एक गंभीर विद्या आहे, हा संस्कार स्कॉटला येथे मिळाला. घरात एक जुना वापरलेला पियानोही आला. तो मिळवण्यासाठी वाइसने फ्लॉरेन्सला मदत केली, असे चरित्रकार नोंदवतात. मोलकरणीच्या घरात पियानो! त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट असेल, याची कल्पना करा.

स्कॉटने हे ऋण विसरले नाही. पुढे नाव झाल्यावर, म्हातारपणी आजारी पडलेल्या आपल्या या गुरूला तो अखेरपर्यंत पैसे पाठवत राहिला. शिष्याचा अंगठा मागणाऱ्या द्रोणाचार्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाने हा गुरू आणि हा शिष्य जरूर लक्षात ठेवावा.

आता घरातल्या वादाकडे येऊ. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जाइल्स घर सोडून दुसऱ्या बाईकडे निघून गेला. सहा मुलांचा भार फ्लॉरेन्सवर पडला. या फाटाफुटीमागे मुलाच्या संगीतशिक्षणाचा वाद हेही एक कारण होते, असे चरित्रकार मानतात. बापाचे म्हणणे होते की मुलाने कामधंद्याला लागावे, चार पैसे घरात आणावेत. आईचे म्हणणे होते की मुलाने शिकावे.

घर सोडून गेलेल्या बापाची बाजू येथे घ्यायची नाही. पण त्याच्या म्हणण्याला एकदम मूर्खपणाही म्हणता येत नाही. त्याने स्वतः संगीत वाजवले होते आणि ते मालकाच्या दारात वाजवले होते. व्हायोलिनने त्याला ना स्वातंत्र्य दिले ना भाकरी. रेल्वेची मजुरी मात्र रोख मिळत होती. आपल्या घराघरांत हाच बाप आहे. बाबासाहेबांनी सांगितले, गावकीची अपमानाची कामे सोडा. आपल्या माणसांनी ती सोडली. मेलेली जनावरे ओढणे सोडले, येसकरकी सोडली, अनेकांनी हलगीही खुंटीला टांगली. ते योग्यच केले. जे वाद्य जातीने गळ्यात बांधले होते ते गळ्यातून काढणे हीच क्रांती होती. आता त्या घरातला नातू ढोलकी मागतो, तबला मागतो, की-बोर्ड मागतो, तेव्हा आजोबाच्या पोटात गोळा येतो. ज्या चिखलातून बाहेर आलो त्यातच हा पाय टाकतोय की काय, अशी ती भीती असते. बाप म्हणतो, आधी दहावी-बारावी कर, स्पर्धा परीक्षा दे, सरकारी नोकरी बघ. या बापाला हसणाऱ्यांपैकी मी नाही. आरक्षणाची एक-एक जागा कमी होत असताना त्याची काळजी खरी आहे.

पण फ्लॉरेन्सने जे केले ते या भीतीला दिलेले उत्तर आहे. तिने मुलाला बापासारखा मेजवानीतला वादक केले नाही. तिने त्याला विद्यार्थी केले. दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वादकाला हुकूम मिळतो, विद्यार्थ्याला अक्षर मिळते. वादकाची कला त्याच्याबरोबर मरते, अक्षर शिकलेल्याची रचना कागदावर राहते आणि त्या कागदावर त्याचे नाव राहते. हलगी वाईट नव्हती. ती वाजवायची सक्ती वाईट होती आणि तिच्यातली विद्या नाकारणारी जात वाईट होती.

या अक्षराची किंमत स्कॉटच्या पुढच्या आयुष्यात दिसते. तो गावोगाव फिरला. १८९३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले, तेथेही तो जाऊन आला. काळ्या वादकाला पोट भरायचे तर दारूचे गुत्ते आणि बदनाम वस्त्या याच जागा खुल्या होत्या. त्या जागांत जे नवे संगीत घडत होते ते रॅगटाइम. डावा हात पावलागणिक ठाम ठेका धरतो आणि उजवा हात त्या ठेक्याच्या मधल्या मोकळ्या जागांत सूर टाकत जातो. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या तालाची आठवण आणि युरोपच्या पियानोचे सूर यांचा हा संगम. प्रतिष्ठित गोरे त्याला हलके समजत, आणि आपल्याच समाजातले चर्चला जाणारे सभ्य लोकही नाक मुरडत. आपल्याकडे तमाशाच्या ढोलकीला जी वागणूक मिळाली तीच ही.

स्कॉटने काय केले? मिसुरी राज्यातल्या सेडेलिया या गावी तो राहिला आणि तेथे कृष्णवर्णीयांसाठी चालवल्या जाणाऱ्या जॉर्ज आर. स्मिथ कॉलेजात संगीत शिकायला गेला. वय तिशीच्या घरात आलेले, हाताला काम असलेला, लोकांनी डोक्यावर घेतलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. रात्री क्लबात वाजवायचे आणि दिवसा शिकायचे. गुत्त्यातले संगीत त्याने अक्षरात उतरवले.

१८९९ साली त्याची ‘ओरिजिनल रॅग्ज’ ही रचना छापली गेली, पण त्यावर मांडणीकार म्हणून दुसऱ्या माणसाचेही नाव घातले गेले. या अनुभवातून तो शहाणा झाला. त्याच वर्षी ‘मेपल लीफ रॅग’ छापायला देताना त्याने वकील मध्ये घातला, प्रकाशक जॉन स्टार्कबरोबर लेखी करार केला आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मानधन ठरवून घेतले. त्या काळात काळ्या संगीतकाराची रचना पाच-पन्नास डॉलर हातावर टेकवून कायमची विकत घेण्याचा रिवाज होता. एक सेंट ही रक्कम लहान आहे, पण ती हक्काची होती. त्या रचनेच्या पुढे लाखो प्रती खपल्या आणि त्या एका सेंटाने त्याला जन्मभर थोडीफार साथ दिली. त्या काळी अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १८९६ च्या निकालाने काळे-गोरे वेगळे ठेवण्याला कायदेशीर ठरवले होते. अशा देशात मोलकरणीचा मुलगा गोऱ्या प्रकाशकासमोर कराराचा कागद ठेवतो, ही साधी बाब नव्हे.

येथे आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांपर्यंत केवढे मोठे संगीत या चळवळीने निर्माण केले! या गाण्यांनी निरक्षर माणसाला बाबासाहेब समजावून सांगितले. पण त्यातली किती गाणी स्वरलिपीत लिहिली गेली? किती गायकांनी कॅसेट निघताना कागद वाचून सही केली? आपल्याकडे प्रतिभेची वाण कधीच नव्हती. वाण होती ती शिक्षणाची, लिपीची आणि कराराची.

स्कॉटने मिळालेली विद्या स्वतःपाशी दाबून ठेवली नाही. सेडेलियात आर्थर मार्शल आणि स्कॉट हेडन या तरुण मुलांना त्याने शिकवले आणि त्यांच्याबरोबरच्या रचनांवर त्यांची नावे आपल्या नावाशेजारी छापली. १९०८ साली त्याने रॅगटाइम शिकणाऱ्यांसाठी धड्यांची एक पुस्तिका काढली. हे संगीत उगाच धावत वाजवू नका, प्रत्येक सुराला त्याची जागा द्या, हा त्याचा आग्रह होता. जे संगीत लोक दारूच्या घोटाबरोबर ऐकत होते त्याला तो अभ्यासाची शिस्त लावत होता.

पण त्याचे स्वप्न त्याहून मोठे होते. वाइस गुरुजींनी लहानपणी दाखवलेला ऑपेरा त्याच्या डोक्यात घर करून होता. १९०१ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बुकर टी. वॉशिंग्टन या कृष्णवर्णीय नेत्याला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले आणि गोऱ्या दक्षिणेत आगडोंब उसळला. एका पंगतीला बसण्यावरून पेटणारा समाज आपल्याला नवा नाही. या प्रसंगावर स्कॉटने ‘अ गेस्ट ऑफ ऑनर’ हा ऑपेरा लिहिला आणि १९०३ साली तो घेऊन दौऱ्यावर निघाला. दौऱ्यात पैसे चोरीला गेले, मंडळी मोडली आणि त्या ऑपेराचे हस्तलिखितही कायमचे हरवले.

तरी तो थांबला नाही. १९०७ साली न्यूयॉर्कला गेला आणि ‘ट्रीमोनिशा’ हा दुसरा ऑपेरा लिहू लागला. त्याची कथा चळवळीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने ऐकावी अशी आहे. टेक्सार्कानाजवळच्या रानात मुक्त गुलामांची एक वस्ती आहे. शाळा नाही. अंगारे-धुपारे, ताईत आणि जादूटोणा विकणाऱ्या बुवांचे राज्य आहे. नेड आणि मोनिशा या निपुत्रिक जोडप्याला झाडाखाली एक तान्ही मुलगी सापडते. मुलीला शिकवायचे असे ते ठरवतात. एका गोऱ्या बाईने मुलीला शिकवावे, त्या बदल्यात मोनिशा तिच्या घरचे कपडे धुणार, इस्त्री करणार आणि नेड लाकडे फोडणार. अशा श्रमाच्या मोबदल्यात मुलगी शिकते, मोठी होते आणि बुवाबाजीविरुद्ध उभी राहते. बुवा तिला पळवून नेतात, जिवावर उठतात. ती सुटते. संतापलेले लोक बुवांना मारायला धावतात तेव्हा ती त्यांना अडवते आणि क्षमा करायला लावते. शेवटी सारी वस्ती तिला, एका तरुण मुलीला, आपली नेता निवडते.

ही कथा १९११ साली छापली गेली. अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा अधिकार मिळाला १९२० साली. त्याच्या नऊ वर्षे आधी हा काळा संगीतकार सांगत होता की शिकलेली मुलगी समाजाचे नेतृत्व करील आणि शिक्षण हेच अंधश्रद्धेवरचे औषध आहे. सावित्रीबाईंच्या लेकींना ही कथा परकी वाटेल काय? आणि त्यातले ते आईबाप कोण? मुलीच्या विद्येसाठी दुसऱ्याचे कपडे धुणारी ती मोनिशा कोण? मला तरी तिच्यात फरशी पुसणारी फ्लॉरेन्सच दिसते. फरक इतकाच, की ऑपेरातला बाप घर सोडून जात नाही. तो लाकडे फोडतो आणि मुलीच्या शिक्षणाचा अर्धा भार उचलतो. प्रत्यक्ष आयुष्यात जो बाप मिळाला नाही तो स्कॉटने संगीतात उभा केला, असे मला वाटते.

हा ऑपेरा रंगमंचावर आणायला कोणीही पुढे आले नाही. २३० पानांचे ते पुस्तक त्याने पदरमोड करून छापले. पुढे हार्लेममध्ये पडदे नाहीत, पोशाख नाहीत, वाद्यवृंद नाही, अशा अवस्थेत त्याने स्वतः पियानोवर बसून त्याचा एक प्रयोग दाखवला. तो फसला. याच काळात, १९१३ ते १९१६, हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात एक तरुण भारतीय विद्यार्थी दिवसाचे अठरा-अठरा तास वाचत होता. त्याच्यामागेही एक बाप होता. रामजी सुभेदारांनी परळच्या एका खोलीच्या घरात, मुलाला पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवले होते आणि पुस्तकांसाठी लेकीचा दागिना गहाण टाकायलाही मागेपुढे पाहिले नव्हते. एक मुलगा ग्रंथांसाठी, दुसरा सुरांसाठी. पण दोघांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचा निर्धार एकाच जातीचा होता.

स्कॉट जॉप्लिनचा शेवट दुःखाचा झाला. आजाराने शरीर आणि बुद्धी दोन्ही पोखरली. १९१७ च्या सुरुवातीला त्याला मनोरुग्णांच्या सरकारी रुग्णालयात ठेवले गेले आणि १ एप्रिल १९१७ रोजी तो वारला. पन्नाशीही गाठली नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका बिननावाच्या कबरीत त्याला पुरले गेले. त्या कबरीवर नावाचा दगड बसायला १९७४ साल उजाडावे लागले.

मग आईचे कष्ट वाया गेले काय? नाही. कागदावर लिहिलेले मरत नाही. १९७२ च्या जानेवारीत अटलांटा शहरात ‘ट्रीमोनिशा’ प्रथम पूर्ण स्वरूपात रंगमंचावर आले. तेच वर्ष आपल्याकडे दलित पँथरच्या जन्माचे. १९७३ साली ‘द स्टिंग’ या चित्रपटातून त्याची ‘द एंटरटेनर’ ही १९०२ ची रचना जगभर घराघरांत पोहोचली. १९७६ साली त्याला मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला. स्वरलिपी शिकलेली नसती, रचना छापलेल्या नसत्या, तर हे काही झाले नसते. तो एखाद्या गुत्त्यातला विसरलेला वादक राहिला असता.

म्हणून आईबापांना सांगणे इतकेच. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तुमचे पोर बँडच्या मागे-मागे चालते, समाजमंदिरात तालीम चालू असताना ढोलकीवाल्याच्या शेजारून हलत नाही, तर त्याचा कान धरून घरी आणू नका. शाळा सोडून गाणे कर, असेही म्हणू नका. शाळा सुटता कामा नये. त्याला शिकवणारा शोधा. नुसता वाजवून दाखवणारा नको, लिपी आणि नियम शिकवणारा हवा. सरावाला रोजचा ठरलेला वेळ द्या, मग घर एका खोलीचे असले तरी चालेल. मुलगा असो की मुलगी, भेद करू नका. आणि आपण जे रचतो ते आपल्या नावाने लिहून ठेवायचे, कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे त्याला आधीपासून शिकवा. हे सारे एकट्या आईवर टाकू नका. फ्लॉरेन्सला ते एकटीने करावे लागले. नेडसारखा बाप प्रत्येक घरात असला पाहिजे. आणि जेथे घराला झेपत नाही तेथे आमच्या मंडळांनी वर्गणीतला डीजेचा खर्च कमी करून दोन मुलांच्या गुरुजींची फी भरावी. बाबासाहेबांच्या जयंतीला यापेक्षा चांगले वादन कोणते?